न वाचता ओके

धाराशिवात नागप्पा कोरे कुठं राहतात असं विचारलं तर लोक विचारात पडत. श्रद्धांजली नागप्पा म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही न विचारता दारात आणून सोडी. गॅसची टाकी आणणाऱ्याच्या वहीत ते त्याच नावानं होते. फ्लेक्स छापणाऱ्यांच्या धंद्यात तर त्यांचं दुसरं काही नाव असेल अशी कुणाला शंकाही नव्हती. एकदा एका नव्या मशीनवाल्यानं त्यांना अत्यंत आदरानं "श्रद्धांजलीकाका" अशी हाक मारली होती. तो बिचारा ते आडनाव समजत होता.

हे नाव त्यांना नऊ वर्षांपूर्वी रणधीर गरडनं दिलं.

गोष्ट अशी सांगितली जाई, आणि सांगणारा बहुतेक वेळा रणधीरच असे. येडशीचे आडत दुकानदार कल्याणप्पा शेटे यांना साठ वर्षं पूर्ण झाली. घरच्यांनी रणधीरच्या दुकानातून दहा बाय पंधराचा बॅनर करून घेतला आणि रात्रीतून स्टँडसमोर बांधला. सकाळी गावानं पाहिलं तर मधे कल्याणप्पांचा हसरा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, वर ठळक अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि खाली "उत्सवमूर्तींना उदंड आयुष्य लाभो. शुभेच्छुक: समस्त शेटे परिवार." नऊच्या गाडीनं बेंबळीची मावशी रडत उतरली. तिला घरी न्यायला कल्याणप्पा स्वतः स्टँडवर गेले, तेव्हा ती बेशुद्ध पडली.

दुपारी कल्याणप्पा चार माणसं घेऊन दुकानात आले. कुणाची तरी मान हवी होती. रणधीरनं इकडंतिकडं पाहिलं. दुकानात डिझायनर एकच होता. "ह्या म्हाताऱ्यानं घोळ घातला बघा," तो म्हणाला आणि नागप्पांना कल्याणप्पांच्या पाया पडायला लावलं. नागप्पा तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. वाकताना त्यांनी तोंड उघडलं होतं, पण रणधीरनं त्यांच्या पाठीवर हात ठेवून ते वाकणं जरा लांबवलं. संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. आठवड्यात जिल्हाभर नाव झालं.

पुढं मुलगी शिवानीला बघायला निलंग्याचे पाहुणे येणार होते. त्यांनी मध्यस्थाला फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे श्रद्धांजलीवाल्यांचं घर का?" आणि हसले. पाहुणे चांगले होते, हसून सोडून दिलं असतं. पण फोन मोठ्या आवाजावर होता आणि शिवानी चहा गाळत होती. तिनं गाळणी खाली ठेवली ती पाहुण्यांना नकार कळवल्यावरच उचलली. शिवानीचं लग्न नंतर दुसरीकडं चांगलं झालं, पण नागप्पांची बायको शरणम्मा त्या दिवसानंतर कुणाच्याही विनोदाला हसली नाही.

नोकरी गेली त्याच संध्याकाळी नागप्पांनी सूड घ्यायचं ठरवलं होतं. प्रचलित मार्ग त्यांना जमण्यासारखे नव्हते. मारामारीला गुडघे साथ देत नव्हते, कोर्टाला आयुष्य पुरलं नसतं आणि शिव्या त्यांना फक्त कानडीत चांगल्या येत. त्या रणधीरला कळल्या नसत्या. म्हणून त्यांनी त्याच रात्री ब्लॉग उघडला.

पहिल्या दिवशी त्यांनी घडलेलं लिहून टाकलं. ते चार वेळा वाचलं गेलं, त्यातले दोन वेळा त्यांनी स्वतःच. दुसऱ्या दिवशी काय लिहावं हा प्रश्न पडला, कारण सूड एका दिवसात लिहून संपला होता. मग त्यांनी धंद्याबद्दल लिहायला घेतलं. ते मूळचे पेंटर. भिंतीवर ब्रशनं अक्षर काढणारे. जिल्ह्यातलं पहिलं फ्लेक्सचं मशीन सोलापूरहून आलं, तेव्हा ते पाहायला पेंटर लोक कसे नवे कपडे घालून गेले आणि परत येताना गाडीत कुणीच कसं बोललं नाही, हे त्यांनी लिहिलं. बॅनरवर पुढाऱ्याचं डोकं आधी कलिंगडाएवढं असे, ते कोणत्या निवडणुकीत दुरडीएवढं झालं, खालच्या कार्यकर्त्यांची डोकी त्याच वेळी लिंबाएवढी कशी झाली, हे मोजमापासह लिहिलं. काळ्या चष्म्याची लाट कोणत्या उन्हाळ्यात आली. तुळजापूरच्या नवरात्रात एकाच खांबावर एकावर एक सात बॅनर कसे सापडले आणि सर्वात आतल्या बॅनरवरचे दोन शुभेच्छुक आता एकमेकांशी कसे बोलत नाहीत. गावाचं नाव बदललं त्या महिन्यात दुकानांच्या पाट्यांची किती रांग लागली आणि किती जणांनी नुसती वरून पट्टी चिकटवून भागवलं. नऊ वर्षांत चारशे बारा लेख झाले. वाचणारे सहा होते.

सातवी वाचणारी सृष्टी. ती विद्यापीठाच्या उपकेंद्रात शिकवायची आणि धंदेवाईक माणसांनी आपल्या धंद्याबद्दल लिहिलेले ब्लॉग गोळा करायची. ती एका दुपारी आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या धंद्याचा इतिहास दुसरीकडं कुठंच नाही."

"असं कसं? पंधरा-पंधरा फुटाचं छापतो आमी."

"आणि ते कुठं आहे?"

नागप्पांनी विचार केला. बॅनर निवडणूक संपली की कडब्यावर जातो, नाहीतर म्हशीच्या गोठ्यावर, नाहीतर कांद्यावर. कॉम्प्युटर भरला की फायली उडवतात. धंद्यानं वीस वर्षं जिल्हा झाकून काढला होता आणि पुरावा म्हणून चार गोठे शिल्लक होते.

हे सगळं सृष्टीनं जिल्हा फ्लेक्स व्यावसायिक संघटनेलाही सांगितलं, कारण संघटनेला वीस वर्षं झाल्याबद्दल स्मरणिका काढायची होती आणि मजकूर नव्हता. संघटनेचा अध्यक्ष रणधीर होता. त्याच्या पुढाकारानं स्मरणिकेत आत्तापर्यंत जाहिराती आणि त्याचा फोटो एवढं तयार झालं होतं.

अशा रीतीनं रणधीर नऊ वर्षांनी नागप्पांच्या ओट्यावर आला. येताना पेढे आणले होते.

"काय म्हणता, श्रद्धांजली?" तो म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता. त्याला खरंच दुसरं नाव आठवलं नसावं.

"बसा शेठ."

"तुमी लई लिवलंय म्हणं आपल्या धंद्याबद्दल. ती बाई लई तारीफ करायली. स्मरणिकेत घेऊ म्हणतो. तुमचं बी नाव व्हईल."

"नाव झालंय की माझं."

रणधीर मनापासून हसला. "ते जुनं सोडा ओ. अन् पानं लावायचं काम बी तुमीच करा. तुमच्यासारखा हात न्हाय कुणाचा."

"करतो. पण जे तवा लिवलं ते तसंच छापायचं. काटछाट न्हाय. आणि प्रूफ तुमी बघून ओके द्यायचं. लेखी."

"दिलं समजा," रणधीर म्हणाला आणि पेढ्याच्या पुड्यातला एक स्वतः उचलला.

तो गेल्यावर नागप्पांनी कॉम्प्युटर उघडला. त्यांच्याजवळ त्या दिवसाच्या हकिकतीची दुसरी प्रत होती. दरवर्षी मार्चमध्ये तो दिवस आला की ते ती काढून घासूनपुसून ठेवत. नऊ वर्षांत ती साडेचार पानांची झाली होती. तिच्यात रणधीरला चौदा उपमा होत्या, पैकी तीन प्राण्यांच्या. वाचून त्यांना स्वतःलाच घाम येई. ती त्यांनी मोठ्या विश्वासानं सृष्टीला दाखवली.

तिनं शेवटपर्यंत वाचली. "जोरदार आहे. पण ही घेता येणार नाही."

"का?"

"ही तुम्ही नंतर लिहिली. पहिल्या दिवशीची कुठंय?"

"ती लई साधी हाय. आठ-नऊ ओळी. बेचव."

"तीच हवी. त्याच दिवसाची तारीख आहे तिच्यावर. आज बदललीत की तो पुरावा राहत नाही काका, तक्रार होते."

नागप्पांनी साडेचार पानांची ती फाईल मिटली. मग हळूच म्हणाले, "बरं, तीच घ्या. पण तिच्यातली शेवटची ओळ तेवढी काढू."

"का?"

"ती उगा लिवली गेली त्या दिवशी."

सृष्टीनं ती ओळ वाचली, नागप्पांकडं पाहिलं आणि मान हलवली. ओळ राहिली. नागप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांनी सूड दारात आला होता आणि तो अळणी तर होताच, वर त्यांच्याच अंगावर शिंतोडा घेऊन आला होता.

तो मजकूर एकोणिसाव्या पानावर बसला.

स्मरणिका शहाण्णव पानांची झाली. नागप्पांनी प्रूफ मोबाइलवर पाठवलं. फ्लेक्सच्या धंद्यात प्रूफ म्हणजे मोठी पवित्र गोष्ट असते. गिऱ्हाईकानं ओके कळवलं की पुढं काहीही होवो, छापणारा मोकळा. आणि गिऱ्हाईक ओके कळवतं ते फोटो बघून. आपण गोरे दिसतो का, आपल्यापेक्षा चुलत भावाचं डोकं मोठं नाही ना, एवढं पाहायचं. अक्षरं वाचलेली कुणाच्या ऐकिवात नाहीत. अक्षरं असतात ती डोक्यांच्या मधली जागा भरायला.

रणधीरचं उत्तर सहा मिनिटांत आलं. "माझी मिशी जरा काळी करा. बाकी ओके."

नागप्पांनी मिशी काळी केली आणि पुन्हा पाठवलं. खाली लिहिलं, "कृपया पूर्ण वाचून घ्यावे."

"मस्त. ओके."

नागप्पा नेमस्त माणूस. त्यांनी तिसऱ्यांदा पाठवलं. "विशेषतः पान एकोणीस वाचावे, ही विनंती."

यावेळी फोनच आला. "किती वेळा इचारताव ओ? तुमच्यावर इश्वास हाय माझा. छापून टाका!"

"लेखी द्या शेठ."

रणधीरनं लेखी दिलं. सोबत अंगठा आणि जोडलेले हात पाठवले. नागप्पांनी ती तिन्ही जपून ठेवली.

प्रकाशन तुळजापुरात एका लॉजच्या हॉलमध्ये होतं. दोनशे दुकानदार आले होते. दारातच प्रत्येकाच्या हातात स्मरणिका दिली गेली, आणि नागप्पा शेवटच्या रांगेत बसून पाहू लागले. दोनशे माणसांनी दोनशे प्रती उघडल्या, आपापला फोटो शोधला, शेजाऱ्याचा फोटो पाहिला, कुणाचा मोठा आहे ते बोटानं मोजलं आणि पुस्तक मिटून त्यानं वारा घ्यायला सुरुवात केली. एकोणिसावं पान हवेत वरखाली होत राहिलं. नागप्पांच्या लक्षात आलं की ज्या खोडीवर त्यांनी रणधीरला पकडायचा बेत केला होता, ती सगळ्या धंद्याचीच होती. सूड छापून झाला होता, वाटून झाला होता, आणि त्यानं लोक वारा घेत होते.

व्यासपीठावर पाहुण्यांच्या रांगेत कल्याणप्पा शेटे बसले होते. आता एकोणसत्तर वर्षांचे. रणधीरनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. गोष्ट सांगायची तर गोष्टीतला माणूस समोर असलेला बरा. एका पाहुण्याचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. कल्याणप्पांनी चष्मा लावला आणि स्मरणिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आडतीवर जन्म काढलेला माणूस. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

मग रणधीर बोलायला उठला. त्यानं धंद्याचा थोर वारसा वगैरे दोन वाक्यांत आटोपला आणि आवडत्या गोष्टीवर आला. झेंडूची चौकट, बेंबळीची मावशी, सगळं क्रमानं झालं. हॉल हसत होता. "आणि हा पराक्रम करणारे कलाकार आज आपल्यात हायत! ओ श्रद्धांजली, हुभं ऱ्हावा की जरा!"

नागप्पा उभे राहिले. दोनशे माना वळल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"थांबा," कल्याणप्पा म्हणाले. "माईक हिकडं द्या."

रणधीरला वाटलं, ते त्यांच्या बाजूची गंमत सांगणार. त्यानं हसतच माईक दिला.

कल्याणप्पांनी पुस्तक चष्म्यासमोर धरलं आणि आडतीवर हिशेबाची पट्टी वाचावी तशा सपाट आवाजात वाचलं:

"काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी जेवायला घरी गेलो. एक पन्नासला परत आलो. तेवढ्या वेळात येडशीचे कल्याणप्पा शेटे यांच्या वाढदिवसाचा बॅनर छापून झाला होता. तो मालक रणधीर गरड यांनी स्वतः बनवला. मागच्या आठवड्यातली श्रद्धांजलीची फाईल त्यांनी उघडली, कारण तिच्यातली झेंडूची चौकट त्यांना आवडते. फोटो बदलला, नाव बदललं, खालच्या ओळी बदलल्या. वरची ओळ बदलायची राहिली. प्रूफ शेटे यांच्या जावयाला गेलं, त्यांनी फोटो पाहून ओके कळवलं. मी त्या बॅनरला फक्त कडेनं दोरी ओवायच्या रिंगा ठोकल्या. ठोकताना मीही वाचलं नाही."

हॉलमध्ये वारा घेणं थांबलं.

"खोटं हाय हे!" रणधीर म्हणाला. "कुणी छापलं हे?"

कल्याणप्पांनी पहिलं पान उघडलं. "हितं तुमचा फोटो हाय. खाली लिवलंय प्रमुख संपादक."

"मी... ते वाचलं न्हवतं."

हे वाक्य माईकजवळ बोललं गेलं. मागून कळंबचा एक मशीनवाला ओरडला, "शेठ, मग ओके कुणी दिलं?" आणि हॉल हसला. हे हसणं मघाच्यापेक्षा वेगळं होतं, ते नागप्पांना शेवटच्या रांगेतही कळलं. त्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. दोनशे फ्लेक्सवाले एकाच वेळी वाचू लागले.

"खोटं लिवणारा शेवटची ओळ लिवत नसतो," कल्याणप्पा म्हणाले. "माझा जावई बी आजवर मला सांगत आला, मी वाचूनच ओके दिलं म्हणून. घरी जाऊन त्याच्याकडं बघतो." मग त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी माझ्या पाया चुकीचा माणूस पडला, रणधीरराव. नऊ वर्षं झाली, पण मी हाय अजून. पाय बी हायत."

रणधीरनं हसून पाहिलं. कुणी साथ दिली नाही. त्यानं पाहुण्यांकडं पाहिलं, पाहुणे एकोणिसावं पान वाचत होते. शेवटी तो वाकला. दोनशे मोबाइल वर झाले. नागप्पा उभेच होते. कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं आणि आता त्यांना बसायचंही नव्हतं. रणधीर सरळ होईपर्यंत ते पापणी न हलवता बघत राहिले.

चौथ्या दिवशी रणधीर पुन्हा ओट्यावर आला. पेढे नव्हते. खिशात एक कागद होता.

"नागप्पाकाका," तो म्हणाला. नाव आठवलं होतं. "ग्रुपवर मला काय म्हणायलेत म्हाईत हाय का? श्रद्धांजली शेठ! काल गिऱ्हाईक दुकानात येऊन तसंच इचारायलं. ही चिठ्ठी बगा. पान एकोणीसवर चिकटवायची. मजकूर चुकून छापला, खरा न्हाय. खाली तुमची सही करा, मिटवून टाकू."

"कुठली ओळ खरी न्हाय?"

"सगळंच ओ."

"माझं सगळं वाचलंय तुमी?"

रणधीरनं चिठ्ठी पुन्हा खिशात घातली.

"मी न वाचता सही करत न्हाय आता. तुमी बी न वाचता खोटं म्हणू नका. चारशे बारा लेख हायत. हितं बसून वाचा, मोठ्यानं. त्यातली एक ओळ खोटी निघाली, ती मला दाखवा. लगेच सही करतो."

रणधीरला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. त्यानं चप्पल काढली. नागप्पांनी कॉम्प्युटर बाहेर आणला, खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या ठेवला. रणधीर बोट लावून वाचू लागला. पहिला लेख, म्हणजे ते एकोणिसावं पानच, त्यानं भर्रकन उरकलं आणि दुसऱ्याला हात घातला.

"थांबा. खालचं राहिलं."

"काय राहिलं?"

"सही. परत्येक लेखाखाली हाय. ती बी लिवलेलीच हाय न्हवं? वाचा."

रणधीरनं घसा खाकरला. "नागप्पा गुरुसिद्धप्पा कोरे, डिझायनर, धाराशिव."

"आता दुसरा घ्या."

पहिल्या संध्याकाळी नऊ लेख झाले. दुसऱ्या संध्याकाळी अकरा. सातव्या दिवशी रणधीर एका लेखावर अडखळला. त्यात लिहिलं होतं, की दोन कापडांचा जोड रणधीर गरड यांच्याइतका सरळ जिल्ह्यात कुणी मारत नाही. त्यानं ते पुन्हा वाचलं.

"हे... माझ्याबद्दल हाय?"

"व्हय."

"मी तुमाला काढल्यावर लिवलंय. चांगलं लिवलंय."

"जोड चांगला होता."

रणधीर काहीतरी बोलणार होता. त्याच्या चेहऱ्यावर जे येऊ लागलं होतं ते नागप्पांना ओळखू आलं, आणि ते आत्ताच नको होतं. अजून सव्वातीनशे लेख शिल्लक होते. "खालचं वाचा," ते म्हणाले.

शिल्लक तशी थोडी जास्तच होती. रणधीर गेल्यावर नागप्पा रोज एक नवा लेख लिहीत. धंद्याचा इतिहास अर्धवट ठेवणं बरोबर नाही असं सृष्टीनंच सांगितलं होतं. एखाद्या संध्याकाळी दोनही होत. रणधीर वाचताना कुठं अडतो, कोणत्या जोडाक्षराला पाणी मागतो, हेही त्यांनी व्यवस्थित टिपून ठेवलं होतं. तिथवर पोचला की त्याला तेही वाचायचं होतं. खिशातली चिठ्ठी घामानं मऊ पडली होती.

"नागप्पा गुरुसिद्धप्पा कोरे, डिझायनर, धाराशिव," रणधीर म्हणाला आणि पुढच्या लेखाकडं वळला.

नागप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं कान दिला. आत शरणम्माचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"जरा मोठ्यानं, शेठ," ते म्हणाले. "आत नीट ऐकू गेलं न्हाय."